न विचारता सोपवलेली मंडळी

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची ये-जा थांबलेली नाही. येणारा प्रत्येक जण सोफ्याच्या कडेवर टेकतो, पाणी पितो, तुमच्या फोटोकडे बघतो आणि थोड्या वेळाने तेच सांगतो. पाळकसाहेबांनी अगदी वेळेवर जागा सोडली, असं आजकाल कोण करतं, स्वतः उभी केलेली मंडळी तरुण माणसाच्या हातात देऊन शांतपणे बाजूला झाले. मी मान हलवते आणि चहा ठेवायला आत जाते. ते सांगतात त्यात खोटं काही नाही. पण त्यांच्या गोष्टीतला माणूस मला ओळखीचा वाटत नाही. तो एका सकाळी उठला, त्याला शहाणपण सुचलं आणि तो हसत हसत वेदीवरून खाली उतरला. तुम्ही असे उतरला नाहीत. शांतपणे तर मुळीच नाही.

आज दुपारी कुणी आलेलं नाही, म्हणून तुमच्याशी बोलते. तुम्ही होतात तेव्हा मी बोलायला लागले की तुम्ही चष्मा काढून पुसायला घ्यायचात, आणि मला कळायचं की आता तुम्ही ऐकत नाही आहात. आता निदान तेवढं तरी होणार नाही.

आपली चर्चची मंडळी सुरू झाली ती जुन्या पनवेलमधल्या आपल्या भाड्याच्या खोलीत. रविवारी सकाळी कॉट उभी करून भिंतीला लावायची, सतरंजी घालायची, आणि नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली चार घरं दाटीवाटीने बसायची. पुढे जागा मिळाली, पत्रे आले, मग पक्का स्लॅब झाला. रविवार तुमचा होता आणि मंगळवार माझा. मंगळवारी शाळेतले माझे तास संपले की मी तशीच चर्चमध्ये जायचे, तिथे महिला मंडळ भरायचं. तुम्हाला कोण कुणाचा कोण लागतो ते ठाऊक असायचं. कुणाच्या घरात काय दुखतंय ते बायका मला सांगायच्या. तुमच्या कितीतरी प्रवचनांचं मूळ त्या मंगळवारांमध्ये होतं. तुम्ही ते कधी कबूल केलं नाहीत आणि मीही कधी तसं म्हटलं नाही.

अनुग्रह आपल्यासमोर वाढला. त्याचा बाप्तिस्मा तुम्ही केलात, सेमिनरीला त्याला तुम्ही पाठवलंत आणि शिकून आल्यावर सहपाळक म्हणून हट्टाने तुम्हीच घेतलंत. मंडळीच्या पंचांना तुम्ही सांगितलंत की आपल्यानंतर हाच. सगळ्यांना ते मान्य होतं. फक्त ‘आपल्यानंतर’ म्हणजे कधी, हे तुम्ही कुणाला सांगत नव्हतात. ईस्टर आला की म्हणायचात, नाताळ होऊ दे. नाताळ झाला की म्हणायचात, ईस्टर होऊ दे.

त्याच्याशी तुमचा जो वाद चालायचा तो दुपारच्या उपासनेचा. आपली निम्मी मंडळी तळोज्याच्या कारखान्यांत, पाळ्यांत काम करणारी. शनिवारी रात्रपाळी करून आलेला माणूस रविवारी सकाळी चर्चमध्ये येऊन डुलक्या घ्यायचा, नाहीतर यायचाच नाही. अनुग्रह म्हणायचा, “साहेब, तळोज्यालाच कुणाच्या तरी घरी चार वाजता उपासना घेऊ या. मी जातो. तुम्हाला त्रास नाही.”

“त्रासाचा प्रश्न नाही,” तुम्ही म्हणायचात. “एक मंडळी, एक उपासना. दोन ठिकाणी बसायला लागलो की दोन मंडळ्या होतात.”

“पण ती माणसं आत्ता कुठेच बसत नाहीयेत.”

घरी आल्यावर मला म्हणायचात, “पोराला घाई झालीय.” मी म्हणायचे, “पोरगा आता चाळिशीला आलाय.” मग चष्मा निघायचा.

आणि मग संदेशचं झालं.

लोक सांगतात ती गोष्ट तिथून सुरू व्हायला हवी, पण त्यांना ते माहीतच नाही. संदेश तळोज्याचा, तिशीही न गाठलेला. कामावरून घरी येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि तो जागीच गेला. मागे एकटी आई. आपल्याला ते सकाळी कळलं, तेही पंचांपैकी एकाच्या फोनवरून. तुम्ही फोन ठेवलात आणि पहिलं वाक्य बोललात ते हे, “मला कुणी कळवलं कसं नाही?” मला राग आला होता. पोर गेलंय आणि तुम्ही हे काय विचारताय, असं ओठांवर आलं होतं. पण तुमचा चेहरा पाहून कपाटातून शर्ट काढून दिला. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलात, प्रार्थनेचं पुस्तक घेतलंत आणि आपण रिक्षाने निघालो. वाटेत तुम्ही ओठ हलवत होतात. काय बोलायचं ते जुळवत असणार.

त्या इमारतीच्या जिन्यात माणसं उभी होती. आपल्याला बघून कुणीतरी म्हणालं, “पाळकसाहेब आले, वाट द्या.” आपण दारापर्यंत गेलो. आत फरशीवर अनुग्रह बसला होता, भिंतीला टेकून. संदेशच्या आईचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. शर्टाची बाही तिच्या रडण्याने भिजली होती. तो काही बोलत नव्हता. वचन नाही, प्रार्थना नाही. नुसता तिच्या पाठीवर हात फिरवत होता, आणि ती अधूनमधून त्याला काहीतरी सांगायची आणि तो “हो मावशी” म्हणायचा. तो पहाटेपासून तिथे होता. तिने पहिला फोन त्यालाच केला होता.

तुम्ही उंबऱ्यावर थांबलात. चप्पल काढली नाहीत. मी तुमच्या मागेच होते, तुमची पाठ मला दिसत होती. ती पाठ मी आयुष्यभर पाहिली होती, पण तशी कधी नाही. एखादा माणूस चुकीच्या घराचं दार उघडतो आणि आतली माणसं जेवत असतात, तेव्हा तो जसा आवाज न करता मागे सरतो, तसे तुम्ही मागे सरलात. “तू आत जा,” मला हळूच म्हणालात. मी गेले. बऱ्याच वेळाने खिडकीतून पाहिलं तर तुम्ही खाली होतात. पुस्तक कुणाकडे तरी दिलं होतं, बाह्या दुमडल्या होत्या आणि गावाकडून आलेल्या नातेवाइकांना पाण्याचे ग्लास देत होतात.

दफनाच्या वेळी अनुग्रह तुमच्याजवळ आला. म्हणाला, “साहेब, प्रार्थना तुम्ही करा.”

“तू कर,” तुम्ही म्हणालात. “त्या बाईला तुझा आवाज हवाय.”

परतताना रिक्षात तुम्ही दुमडलेल्या बाह्या सोडल्यात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, “सुहास, लोकांनी केव्हाच सोपवलंय. मीच तेवढा उरलो होतो.” मी तुमच्या हातावर हात ठेवला. तुम्ही तो काढून घेतला नाहीत. तुमच्याबद्दल अभिमान वाटलेले दिवस मी मोजले तर त्यात तो पहिला येईल. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, पुढे सांगू.

सांगायचं राहिलं, कारण पुढे जे झालं त्याने मी फार दिवस धुमसत होते.

तुम्ही पंचांना बोलावलंत. ते म्हणाले, निदान नाताळपर्यंत तरी थांबा. तुम्ही म्हणालात, आता नाही. रविवारी उपासनेनंतर अनुग्रहला पुढे बोलावून गुडघ्यांवर बसवलंत, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत. सगळं चर्च रडत होतं, मीही. आणि मग तुम्ही माईकपाशी जाऊन म्हणालात, “मी इथे बसून राहिलो तर तुम्ही ऐकाल त्याचं आणि बघाल माझ्याकडे. म्हणून आम्ही दोघं काही काळ दुसरीकडे उपासनेला जाणार आहोत. पाळकबाई महिला मंडळाचंही काम प्रियाकडे देतील.”

प्रिया म्हणजे अनुग्रहची बायको. गुणी मुलगी. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण अहो, ‘आम्ही दोघं’ हे मला तिथे कळलं. सगळ्या मंडळीबरोबर, डाव्या बाजूच्या दुसऱ्या बाकावर बसून. बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. “बाई, तुम्ही पण?” मी हसत राहिले. पाळकाच्या बायकोला ते जमतं.

घरी आल्यावर मी कुकर लावला आणि मग विचारलं, “तुमची जागा तुम्ही दिलीत. माझी कुणाला विचारून दिलीत?”

तुम्ही म्हणालात, “विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“मग?”

“मग मी थांबलो असतो. मला थांबायला कारणच हवं होतं.”

ते इतकं खरं होतं की त्यावर भांडताही येईना. पण खरं असलं म्हणून ते बरोबर होतं असं नाही. हा वाद आपण नंतर किती वेळा काढला असेल. भाजी निवडताना, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना. दरवेळी तुम्ही तिथेच यायचात आणि मीही तिथेच यायचे.

मग सुरू झाले करंज्याचे रविवार. उरणला तुमच्या ओळखीतल्या पाच-सहा घरांची प्रार्थनेची छोटी संगती भरत होती, करंजा बंदराजवळ एका खोलीत. सकाळी पनवेलच्या स्टँडवरून एसटीने उरण, तिथून रिक्षा. पहिले कितीतरी रविवार मी तुमच्याशी बोललेच नाही. खिडकीतून खाडी बघायचे. आपल्या चर्चमध्ये आता पहिलं गीत सुरू झालं असेल, आता अर्पण, आता प्रवचन, असं मनात चालायचं. तुमच्याही मनात तेच चालायचं हे मला दिसत होतं. त्या वेळेला तुम्ही घसा खाकरायचात, उभं राहून बोलायला सुरुवात करायच्या आधी खाकरायचात तसा.

तिथली हिराबाई तुम्हाला आठवते ना तशी मलाही आठवते, बोंबील वाळवून विकणारी, आवाजाने बंदराचा अख्खा धक्का जागा करील अशी. पहिल्याच दिवशी ती कमरेवर हात ठेवून तुमच्यासमोर उभी राहिली.

“तुमी पाळक ना? मग मागं काय बसलाव? पुडं या, बोला कायतरी.”

“आता मी ऐकायला आलोय, बाई.”

“ऐका मंग,” ती म्हणाली. “आमाला ऐकनारा पन कोन नाय.”

आणि खरंच तुम्ही ऐकलंत. उपासना संपल्यावर ती वाळवणाजवळ बसून सांगायची, लेकाच्या बोटीचं, सुनेच्या आजारपणाचं, आणि तुम्ही उन्हात, माशांच्या वासात, रुमाल डोक्यावर टाकून ऐकत बसायचात. एकदाही सल्ला दिला नाहीत. मला वाटलं, हे अनुग्रहकडून शिकलेत.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. आपल्या चर्चमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि तुम्ही समोर. लग्न झाल्यापासून मी उपासनेत तुमच्यापासून लांब बसले. तुम्ही सगळ्यांकडे बघायचात, त्यात माझ्याकडेही. करंज्याच्या खोलीत बाजू करायला जागाच नव्हती. एक लांब बाक, चार प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यामुळे तुम्ही माझ्या शेजारी बसलात. खांद्याला खांदा लागून. आणि मला कळलं की तुम्हाला सुरात गाता येत नाही. इतक्या वर्षांत हे मला माहीतच नव्हतं, कारण गीत सुरू झालं की तुम्ही पुढे प्रवचनाचे कागद चाळत असायचात. तुम्ही मोठ्याने, मनापासून आणि संपूर्ण बेसूर गात होतात. मला हसू आवरेना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि पुढचं कडवं मुद्दाम आणखी मोठ्याने म्हणालात. किती तरी दिवसांनी आपण हसलो ते तेव्हा.

त्यानंतर मी रविवारची वाट बघायला लागले. प्रार्थनेला डोळे मिटले की तुमचा श्वास ऐकू यायचा. प्रवचन लांबलं की तुमची मान माझ्या बाजूला कलायची आणि मी कोपराने ढोसायचे. जो माणूस दुसऱ्यांना झोपू देत नव्हता तो माझ्या खांद्यावर झोपत होता. माझ्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत उपासनेत नवरा शेजारी असणं म्हणजे काय, ते मला त्या मासळीच्या वासाच्या खोलीत कळलं. तुम्ही मंडळी सोडली नसती तर ते कळलंच नसतं. हेही मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, “बघ, बरं झालं ना?” आणि माझा वाद तिथेच संपला असता. मला तो इतक्यात संपवायचा नव्हता.

तुम्हाला ते सोपं गेलं नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. लोक फोन करायचे, “साहेब, आमच्या मुलीचं लग्न तुम्हीच लावायचं.” तुम्ही म्हणायचात, “अनुग्रहशी बोला, तो लावेल.” फोन ठेवल्यावर हात तसाच फोनवर असायचा. काहींना तुम्ही ताठ झालात असं वाटलं. तळोज्याला चार वाजताची उपासना सुरू झाली आणि खोली पुरेनाशी झाली, हे अनुग्रहने स्वतः येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, “मी चुकत होतो.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गेल्यावर तुम्ही गॅलरीत जाऊन बसलात आणि जेवायला बोलावलं तरी लवकर आला नाहीत.

त्या सकाळी तुम्ही ओट्याजवळ स्टूल घेऊन लसूण सोलत होतात. हिराबाईने दिलेल्या सुकटीची चटणी करायची होती. लसूण सोलायला तुम्ही निवृत्तीनंतर शिकलात आणि त्याचा तुम्हाला फार अभिमान होता. मध्येच म्हणालात, “जरा पडतो.” मी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, “पडा, पण हात धुवा आधी.” तुम्ही हात धुतलेत. नळाचा आवाज मी ऐकला. चटणी झाल्यावर बोलवायला आले तेव्हा तुम्ही नव्हतात.

तुमच्या अंत्यविधीला अनुग्रह पुढे उभा होता. बोलता बोलता त्याचा आवाज बंद झाला. मग महिला मंडळाच्या बायकांनी गीत उचललं. मी गाऊ शकले नाही. त्यांच्यात तुमचा बेसूर आवाज कुठे नव्हता, आणि ते गीत मला फार नीटनेटकं वाटलं.

परवा प्रिया आली. एकटीच. मी भात टाकत होते, ती स्वयंपाकघरातच येऊन उभी राहिली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “काकू, मंगळवारपासून तुम्ही या. मंडळ तुमचंच आहे. मी आपली सांभाळत होते, तुम्ही परत येईपर्यंत. बायकाही तेच म्हणतात.”

तुम्हाला खरं सांगते, माझा जीव हलला. हे घर आता किती मोठं झालंय ते तुम्हाला कळणार नाही. मंगळवार दुपार म्हणजे काय होती माझी. मला दिसलं, मी पुन्हा त्या खोलीत जातेय, बायका सरकून जागा देतायत, कुणीतरी डोळे पुसत सांगायला लागलंय. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, “एक मिनिट हं काकू,” म्हणाली आणि दारापाशी गेली. पलीकडे कुणीतरी बाई रडत असावी. प्रिया म्हणत होती, “रडू नकोस. मी येते. काही करू नकोस, मी पोचतेच आहे.” तो आवाज मला माहीत होता. माझाही कधी तसा होता.

ती परत आली आणि म्हणाली, “सॉरी काकू. तर येताय ना?”

मी गॅस बारीक केला. म्हटलं, “प्रिया, पाळकसाहेबांनी माझं काम तुला दिलं, पण मी काही तुला दिलं नव्हतं. आज देते.” तिला काही कळेना. मी तिला स्टुलावर बसवलं, पदराला हात पुसले आणि तिच्या डोक्यावर ठेवले. प्रार्थना फार मोठी नव्हती. शब्द अडखळत होते, मला पाच-पन्नास बायकांसमोर प्रार्थना करायची सवय, एका मुलीसमोर करायची नाही. ती रडली. मीही रडले. मग ती उठली, त्या रडणाऱ्या बाईकडे जायला निघाली. मी तिला थांब म्हटलं नाही.

दार लावून मी परत आत आले. भात खाली लागला होता. आणि पहिल्यांदा मला वाटलं की तुम्ही त्या उंबऱ्यावरून मागे फिरलात तेव्हा तुम्हाला काय झालं असेल ते आता मला माहीत आहे. तुम्ही असतात तर आज तुमच्याशी त्यावर बोलले असते. दोन माणसं एकाच गावाला जाऊन आल्यावर बोलतात तसं.

पण तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी कदाचित नाही म्हटलं असतं. दोन-चार महिने रुसले असते, तुम्हीही थांबला असतात, आणि मग एक दिवस मीच म्हटलं असतं, चला. आपण दोघं मिळून उतरलो असतो. ते राहिलं.

हिराबाईचा सकाळी फोन आला होता. “बाई, रविवारी येताव ना? सायेब नाय तरी तुमी या.” येते म्हटलं. आता पनवेलच्या आपल्या चर्चमध्ये बसायलाही कुणाची ना नाही, अनुग्रह तर गाडी पाठवतो म्हणतो. पुढे जाईन तिकडेही. पण या रविवारी सकाळची एसटी पकडून करंज्याला जाणार आहे. बाकावर भिंतीकडच्या बाजूला बसेन, नेहमीसारखी. उशिरा कुणी आलं आणि जागा शोधायला लागलं, तर शेजारची जागा देईन. तुम्हाला राग येईल का, हे तेवढं विचारायची गरज वाटत नाही.